लकव्यानंतर व्यायाम किती? आधी मोजून घ्या

वाचकाचं पत्र

माझे मिस्टर ६२ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी आणि पायातल्या स्प्लिंटच्या आधाराने चालतात. बोलताना शब्द सापडत नाहीत, पण समजतं सगळं. बीपीची, रक्त पातळ ठेवण्याची आणि नाडी हळू करणारी अशा गोळ्या चालू आहेत. मागच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टनी सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजलं, ते १९० मीटर भरलं. आता त्या म्हणतात, व्यायाम वाढवण्याआधी सायकलवर बसवून, ईसीजी लावून क्षमता तपासून घेऊ. मला तर धडकीच भरली आहे. इतकं दमवल्यावर पुन्हा झटका आला तर? माझं म्हणणं, त्यांना विश्रांती द्यावी. नुसती अंघोळ केली तरी अर्धा तास पडून राहतात. मुलगा दुसऱ्या टोकाला. त्याने वडिलांच्या मनगटाला घड्याळ बांधलंय, नाडी १२६ पर्यंत गेलीच पाहिजे म्हणतो, आणि १९० मीटर म्हणजे नापास, म्हणून रोज जास्त चालवतो. यावरून घरात वाद होतात आणि हे मुकाट ऐकत बसतात. ही चाचणी करावी का?

उत्तर

ताई, करून घ्या. तुमच्या घरातला वाद तुम्ही किंवा मुलगा मिटवू शकणार नाही, कारण दोघंही अंदाजावर बोलताय. त्यांच्या शरीराला आज किती झेपतं, कुठे पोचल्यावर ते थांबतं आणि कशामुळे थांबतं, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. ही चाचणी तेवढंच पाहते. फिजिओथेरपिस्टनी ती व्यायाम वाढवण्याच्या आधी सुचवली, यावरून मला तरी वाटतं की तुमचा माणूस चांगल्या हातात आहे.

आधी भीतीचं बोलू. ती खोटी नाही. ज्याने एकदा डोळ्यांदेखत माणूस कोसळताना पाहिला, त्याला त्या माणसाची नुसती धाप ऐकूनही घाम फुटतो. चाचणीत धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पण जगभर अशा चाचण्या वर्षानुवर्षं होत आल्या आहेत, त्यात हृदयरोगीही भरपूर असतात, आणि तरी गंभीर घटना दर १० हजार चाचण्यांमागे मोजक्याच घडतात. त्या कमी असतात याचं कारण आधी केलेली चाळणी. छातीत नव्याने दुखत असेल, हृदयाचे ठोके बेताल असून आटोक्यात नसतील, हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, हार्ट फेल्युअरमुळे अंगावर सूज आणि पडल्या पडल्या धाप असेल, तर चाचणी करतच नाहीत. बसल्या जागी बीपीचा वरचा आकडा २०० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असला तरी पुढे ढकलतात, आणि स्ट्रोकनंतर बरेच डॉक्टर याच्याही अलीकडेच थांबतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना त्यांचा ईसीजी, बीपी, साखर आणि चालू गोळ्या पाहू द्या. त्यांचा स्ट्रोक गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे तुम्ही लिहिलं नाही. चाचणी घेणाऱ्यांना ते जरूर सांगा. रक्तस्राव झालेला असेल तर बीपीची मर्यादा ते आणखी खाली धरतील.

आणि पाच महिने उलटलेत, ही गोष्टही तुमच्या बाजूची आहे. अगदी सुरुवातीच्या दिवसांत घाई नडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅव्हर्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या २४ तासांतच सुरुवात करून रुग्णांना वारंवार आणि जास्त वेळ उठवलं, तेव्हा त्यांची सुधारणा नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी झाली. पण तो काळ वेगळा होता आणि तुम्ही तो कधीच मागे टाकलाय.

आता अंघोळीचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे, आणि तिचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही.

कष्ट करताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, यावर माणसाची दमाची कमाल मर्यादा ठरते. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असं ते मोजतात. शांत बसलेल्या माणसाला साधारण साडेतीन लागतात. हलक्या घरकामाला त्याच्या तिप्पट, म्हणजे १० च्या आसपास, आणि जड कामाला पाचपट, म्हणजे १७ च्या वर. दुसऱ्यावर अवलंबून न राहता दिवस काढायचा तर उतारवयात ही कमाल मर्यादा निदान १५ ते १८ हवी, असं मानतात. स्ट्रोक येऊन गेलेल्यांच्या अभ्यासांत ती ८ ते २२ च्या दरम्यान सापडते, आणि पुष्कळांची त्यातल्या खालच्या टोकाला असते. आता समजा तुमच्या मिस्टरांची मर्यादा १२ आहे. उभं राहून अंघोळ करायची, अंग पुसायचं, एका हाताने कपडे चढवायचे, याला १० लागले तर ते जवळजवळ जिवाच्या आकांताने काम करताहेत. तुम्हाला मला हे जिन्याचे दोन-तीन मजले धावत चढण्यासारखं आहे. मग अर्धा तास पडून राहणार नाहीत तर काय करतील?

त्यात अधू पायाने चालणं मुळातच महाग पडतं. तेवढ्याच वेगाने चालायला निरोगी माणसाला लागते त्याच्या दीडपट, कधी दुप्पटही शक्ती जाते. म्हणजे खर्च वाढला आणि ऐपत घटली, अशी दोन्हीकडून कोंडी होते. ऐपत घटते ती नुसत्या मेंदूच्या इजेमुळे नाही. अंथरुणात पडून राहिल्याने दम कमी होतो, अधू पायाचे स्नायू बारीक होतात आणि त्यांची ऑक्सिजन वापरण्याची ताकदही मंदावते, आणि अनेकांना हृदयाचा काही ना काही त्रास आधीपासून असतोच. विश्रांतीने यातलं काहीही भरून येत नाही. तुम्ही मायेपोटी त्यांना जितकं बसवाल, तितकी मर्यादा खाली येईल आणि उद्याची अंघोळ आजच्यापेक्षा जड जाईल. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. थकलेल्या माणसाला पाहून कोणालाही असंच वाटेल. पण मर्यादा वर नेता येते. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात ७५ अभ्यास आणि ३ हजारांवर रुग्णांचा विचार केला होता. दम वाढवणाऱ्या व्यायामाने स्ट्रोकनंतरचं परावलंबित्व कमी होतं आणि चालणं सुधारतं, असं त्यातून दिसलं.

(थकव्याला इतरही कारणं असतात. झोप लागत नाही, मन खचलंय, एखादी गोळी गुंगी आणते. शब्द सापडत नसलेला माणूस यातलं काही आपण होऊन सांगणार नाही, तेव्हा डॉक्टरांकडे हा विषय तुम्हीच काढा.)

१९० मीटरचं काय? त्यात पास-नापास काही नसतं, हे मुलाला माझ्या नावाने सांगा. सहा मिनिटांत १९० मीटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा थोडं जास्त. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग असलेली माणसं बहुधा घरातल्या घरातच वावरतात, ०.४ ते ०.८ वाली बाहेर पडतात पण मर्यादित, आणि त्याच्या वरची बऱ्यापैकी मोकळी फिरतात. तुमचे मिस्टर मधल्या गटात आले, पाच महिन्यांत. निरोगी माणसं सहा मिनिटांत साधारण ४०० ते ७०० मीटर चालतात, त्यांच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुलना त्यांची त्यांच्याशीच करायची. पुढच्या वेळी ३५ मीटरच्या आसपास वाढ झाली तर ती खरी सुधारणा धरावी, त्याहून लहान फरक त्या दिवसाच्या तब्येतीनेही पडतो. फक्त रस्ता तोच हवा, काठी तीच, स्प्लिंट तोच आणि वेळही शक्यतो तीच.

पण सहा मिनिटांची ही चाचणी स्ट्रोकच्या माणसात दमापेक्षा पायाबद्दल आणि तोलाबद्दल जास्त सांगते. पाऊल उचलत नाही, गुडघा मागे जातो, पडण्याची धास्ती असते. हृदयावर पुरता ताण येण्याआधीच पाय थांबलेला असतो. म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून हृदयाला किती झेपेल ते कळत नाही, आणि म्हणूनच तुमच्या फिजिओथेरपिस्ट सायकल म्हणताहेत. बसून केल्याने तोलाचा प्रश्न सुटतो. ट्रेडमिलवरही करता येते, पण मग वरून पट्ट्यांचा आधार लागतो, वेग फार कमी ठेवावा लागतो, आणि हृदयरोग्यांसाठी नेहमी वापरतात तो भराभर चढ वाढवणारा कार्यक्रम इथे उपयोगाचा नाही. ज्यांचे पाय अजिबात साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी हाताने फिरवायची पेडलंही असतात.

त्या दिवशी नेमकं काय होईल ते सांगते, म्हणजे तुम्हालाही धीर येईल आणि त्यांनाही आधी समजावता येईल. छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवतील. बीपीचा पट्टा डाव्या, चांगल्या हाताला बांधतील. उजवं पाऊल पेडलवर पट्ट्यांनी घट्ट बसवतील, नाहीतर ते घसरतं किंवा टाच बाहेर वळते. चाचणी नाकातोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारी असेल, तर मास्क आधी नुसता लावून पाहू द्या. ओठाची एक बाजू लुळी असली की नळी तोंडात धरता येत नाही, हवा गळते. मास्कने ते टळतं, पण काहींना त्यात कोंडल्यासारखं होतं. मग दोन-तीन मिनिटं बिनओझ्याची सायकल. त्यानंतर दर मिनिटाला ओझं थोडं थोडं वाढवतात, साधारण ५ ते १० वॅट, जेणेकरून आठ-दहा मिनिटांत माणूस त्याच्या मर्यादेपर्यंत पोचावा. पेडलची गती मिनिटाला ५० फेऱ्यांच्या आसपास राखायला सांगतात. ती सांभाळता येईना, की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, ईसीजीत बदल दिसला, ओझं वाढत असताना बीपी उलट खाली घसरलं, किंवा वरचा आकडा २५० च्या किंवा खालचा ११५ च्या पुढे गेला, तरी थांबवतात. आणि त्यांनी स्वतः ‘पुरे’ म्हटलं, तर तेवढं कारणही पुरेसं आहे. शेवटी एकदम उतरवत नाहीत. हळूहळू पेडल मारत ठोके खाली येऊ देतात आणि बीपी, नाडी पूर्ववत होईपर्यंत बसवून ठेवतात.

‘पुरे’ कसं म्हणणार, हा तुमच्या घरचा खरा प्रश्न आहे. चाचणी घेणारे दर मिनिटाला ‘किती श्रम वाटतात’ असं विचारतात. त्यासाठी गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० अशी मोजपट्टी सर्रास वापरतात. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे आता एक पेडलही नाही. बोलणं अडणाऱ्या माणसाला आयत्या वेळी आकडा सुचणार नाही. म्हणून पट्टी मोठ्या अक्षरांत, चेहऱ्यांच्या चित्रांसह छापून घ्या आणि आठवडाभर घरीच सराव करा: जिना चढून आल्यावर, अंघोळीनंतर, व्यायामानंतर त्यांना बोट ठेवायला सांगा. थांबण्याची खूण आधीच ठरवा, डाव्या हाताचा तळवा वर केला की थांबायचं, आणि ती खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. तुम्ही त्यांच्या समोर उभ्या राहा, त्यांचा चेहरा तुमच्याइतका कोणाला वाचता येतो? आणि हो, हे सगळं करायचं की नाही, ते त्यांनाही विचारा. त्यांना सगळं समजतं, असं तुम्हीच लिहिलंय.

आता मुलाच्या घड्याळाकडे येते. त्याचा हिशेब मला दिसतो: २२० मधून वय वजा केलं, १५८ आले, त्याचे ८० टक्के म्हणजे १२६. निरोगी माणसाला हे सूत्र ढोबळमानाने चालतं. तुमच्या मिस्टरांना चालत नाही, कारण नाडी हळू करणारी त्यांची गोळी बहुतेक बीटा ब्लॉकर गटातली असावी (नाव डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या), आणि ती गोळी ठोक्यांना फार वर जाऊ देत नाही. समजा चाचणीत त्यांची बसल्या जागची नाडी ६४ निघाली आणि पूर्ण जोर लावूनही ती ११२ वर थांबली. म्हणजे हातात असलेली वाढ ४८ ठोक्यांची. स्ट्रोकनंतरच्या व्यायामासाठी या वाढीच्या ४० ते ७० टक्के वापरावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०१४ चं मार्गदर्शन आहे. ४८ चे ४० टक्के म्हणजे १९, ते ६४ मध्ये मिळवा, ८३ झाले. ७० टक्के म्हणजे ३४, बेरीज ९८. त्यांचा व्यायामाचा पट्टा ८३ ते ९८. मुलगा ज्या १२६ साठी त्यांना चालवतोय, तो आकडा त्यांच्या हृदयाने जिवाचं रान करूनही गाठता येणार नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, त्यांचे खरे आकडे चाचणीतच मिळतील. पण मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तो वडिलांच्या भल्यासाठीच धडपडतोय. त्याच्या हातात नुसता चुकीचा आकडा पडलाय.

एक ताकीद: नाडी वाढत नाही म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, चाचणीच्या दिवशीही नाही. व्यायाम रोज गोळी घेऊनच करायचा आहे, तेव्हा चाचणीही गोळी घेऊनच झालेली बरी. डॉक्टरांनी मुद्दाम वेगळं सांगितलं तरच वेगळं. आणि त्यांचे ठोके मुळातच अनियमित असतील, तर घड्याळावरच्या आकड्यावर विसंबू नका. मग बोर्गची पट्टी हाच आधार, ११ ते १४ च्या दरम्यान, म्हणजे हलकं ते जरासं जड वाटेल इतपत.

कदाचित तुमच्या जवळपास अशी सोय नसेल. मास्कची चाचणी सगळीकडे होत नाही आणि तिच्यावाचून अडत नाही. ईसीजी आणि बीपीवर लक्ष ठेवून केलेली साधी सायकलची चाचणीही तुमच्या कामाची आहे. तीसुद्धा झाली नाही, तर व्यायाम थांबवायचा नाही, जोर कमी ठेवायचा आणि त्याची भरपाई वेळेने आणि वारंवारतेने करायची. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं, श्रम पट्टीवर ११ च्या आत. नुसतं ‘थोडंथोडं चालवा’ एवढ्या सल्ल्यावर मात्र समाधान मानू नका. किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस, किती जोराने, हे लिहून मागा. साधारण चौकट आठवड्यातून ३ ते ५ दिवस, एका वेळी २० ते ६० मिनिटं, आधी आणि नंतर पाच-दहा मिनिटं हलकं, अशी असते. तुमचे मिस्टर तिच्या खालच्या टोकापासून सुरुवात करतील.

व्यायाम करताना किंवा नंतर छातीत दुखलं, विश्रांतीतही धाप ओसरेना, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. चेहरा नव्याने वाकडा झाला, हातपाय आणखी लुळा पडला, बोलणं एकाएकी बिघडलं किंवा दिसेनासं झालं, तर झोपवून वाट पाहू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

चाचणीच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवण आणि चहा-कॉफी नको. मधुमेह असेल तर उपाशी मात्र नेऊ नका, किती आणि कधी खायचं ते विचारून घ्या. रोजचे बूट, रोजचा स्प्लिंट, काठी, चष्मा आणि गोळ्यांची यादी सोबत असू द्या. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा ताप असेल तर सरळ दुसरी तारीख घ्या. दोन-तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा करायची आहे, तेव्हा रिपोर्टची प्रत मागून ठेवा: कमाल नाडी, कमाल बीपी, किती वॅटला थांबले आणि कशामुळे थांबले, पायामुळे की दमामुळे. आणि मुलाला बरोबर न्या. घड्याळातला १२६ चा आकडा त्याने तिथेच, रिपोर्ट समोर ठेवून, फिजिओथेरपिस्टकडून बदलून घ्यावा.